यजमानाचा भाऊ

भाऊजी संमतीपत्र घरूनच लिहून घेऊन आले होते. दोन प्रती, खाली सही, सहीखाली तारीख आणि तारखेखाली ‘स्थळ’ असं लिहून पुढे मोकळी जागा, कारण कागद हातातून जाईल तिथेच स्थळ भरावं असं त्यांचं ठाम मत होतं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशाला दोन पेनं असायची, एक लिहायला आणि एक कुणी मागितलं तर द्यायला. दुसरं चालत नसे.

वहिनींनी त्यांना आणि जाऊबाईंना खुर्च्या दिल्या. खुर्च्या खडूच्या रेघेच्या अलीकडे होत्या. भाऊजींनी रेघेकडे पाहिलं आणि पाय आखडून घेतले.

ती रेघ गेल्या महिन्यापासून होती. बारक्यानं, म्हणजे वहिनींच्या परदेशातल्या मुलानं, तिकडच्या नगरपालिकेचा राहण्याच्या सोयीचा दाखला पाठवला होता. वर्षभराच्या व्हिसाला तो लागतोच: येणारा माणूस कुणाच्या घरी राहणार, कुठल्या खोलीत, खोली किती बाय किती, खिडकी उघडते की नाही. खोली तीन मीटर दहा बाय दोन मीटर नव्वद होती आणि खिडकी उघडत होती. वहिनींनी गणवेशांच्या कारखान्यात चौतीस वर्षं कापड कापलं होतं. माप नुसतं कागदावर वाचून त्यांचं कधी समाधान झालं नव्हतं. त्यांनी टेप घेतली, शिंप्याचा खडू घेतला आणि बैठकीच्या खोलीतल्या फरशीवर बारक्याची ती खोली जशीच्या तशी आखली. दाराच्या जागी रेघ सोडली. मग कॉट ओढून त्या चौकोनात आणली आणि तेव्हापासून त्या तिथेच निजत होत्या. सवय झालेली बरी, म्हणायच्या.

जाऊबाई, म्हणजे भाऊजींची बायको, चहाचा कप घेऊन रेघ ओलांडायला निघाल्या, मग थबकल्या, वळसा घालून मोकळ्या सोडलेल्या जागेतून आत गेल्या आणि कॉटवर बसल्या.

“भिंतीतून कशाला जाऊ?” त्या म्हणाल्या.

व्हिसा कचेरीचं पत्र शुक्रवारी आलं होतं. ते आलं बेबीच्या ईमेलवर, कारण अर्जात ईमेल तिचा दिला होता. बेबी ही वहिनींची मुलगी, रक्तपेढीत तंत्रज्ञ. कामाच्या गडबडीत तिनं पत्रातली शेवटची मराठी ओळ तेवढी सगळ्यांना फोनवरून वाचून दाखवली: ‘यजमानाच्या भावाचे संमतीपत्र दहा दिवसांच्या आत जोडावे.’ भाऊजींना त्यात न कळण्यासारखं काही दिसलं नाही. वहिनींचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. यजमानांना भाऊ एकच, आणि तो आपण. परदेशी कचेरीला एवढी रीतभात कळते याचं त्यांना कौतुक वाटलं, आणि शनिवार त्यांनी मसुद्यात घालवला.

आता रविवारी दुपारी त्यांनी तो वाचून दाखवला. ‘मी, खाली सही करणार, लिहून देतो की माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी यांनी माझ्या पुतण्याच्या घरी एक वर्ष वास्तव्य करण्यास माझी कोणतीही हरकत नाही.’

“यांची नाही हे खरं आहे,” जाऊबाई कॉटवरून म्हणाल्या. “माझी आहे. ती कुठे लिहायची?”

जाऊबाईंनी स्वतःच्या घरी कपाटाचे दोन कप्पे वहिनींसाठी रिकामे केले होते. बेबीनं तर अख्खी खोली. दोघींनी एकमेकींना न सांगता केलं होतं आणि दोघींना एकमेकींचं कळलं होतं, तेव्हापासून दोघी फार गोड बोलत. वहिनींचं स्वतःचं घर महिनाअखेरीस सोडायचं होतं. घरमालकानं नवीन भाडेकरू बघूनही ठेवले होते. ते येऊन पडद्यांची मापं घेऊन गेले, आणि ती मापं वहिनींनीच काढून दिली. म्हणजे दहा दिवसांत कागद गेला नाही तर अर्ज बंद, तिकडची खोली फरशीवरच राहणार, आणि फरशीही दुसऱ्याची होणार. मग या घरचे दोन कप्पे किंवा त्या घरची खोली, एवढंच उरत होतं.

वहिनींना जायचं होतं. मुलगा त्यांच्या वाट्याला फारसा आलाच नव्हता. कारखाना सकाळी सातला सुरू व्हायचा, पोर उठायच्या आत त्या घराबाहेर पडलेल्या असायच्या. त्याला वाढवलं सासूबाईंनी. सतराव्या वर्षी तो तंत्रशाळेच्या वसतिगृहात गेला, तिथून लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, तिथून परदेशात. आता तो चाळीस वर्षांचा होता, सहा फूट उंच होता, तरी नाव बारक्याच होतं, आणि सकाळी उठल्यावर हा माणूस आधी काय करतो हे त्याच्या जन्मदातीला ठाऊक नव्हतं. एक वर्ष त्यांना ते बघायचं होतं. हे त्या कुणाला बोलल्या नव्हत्या. कुणी विचारलं की हवापालट म्हणायच्या.

बेबी आली ती पत्राची छापील प्रत घेऊनच. तिचा चेहरा बघून जाऊबाईंनी कप खाली ठेवला.

“काका, तुमचा कागद नकोय,” ती म्हणाली. “इथे यजमान म्हणजे दादा नाहीत. ज्याच्या घरी राहायचं तो यजमान. म्हणजे बारक्या.”

तिच्या वडिलांना ती दादा म्हणायची, कारण भाऊजी त्यांना दादा म्हणायचे. भाऊजींनी संमतीपत्राची घडी घातली, पण खिशात ठेवलं नाही.

“मग यजमानाचा भाऊ?”

“बारक्याचा भाऊ.”

बारक्याला भाऊ नव्हता हे चौघांनाही माहीत होतं, पण सरकारी कागदावर छापलेलं असलं की माणूस एकदा तरी आठवून बघतो. वहिनींनीसुद्धा पाहिलं.

मग बेबीनं वरचा परिच्छेद वाचला, जो शुक्रवारी वाचायला हवा होता. यजमानाने आपल्या पत्रात अर्जदार ही आपल्या भावाची पत्नी असल्याचे लिहिले आहे. अर्जात मात्र अर्जदाराने यजमान हा आपला मुलगा असल्याचे लिहिले आहे. यजमानाने स्वहस्ते खुलासा करावा. अन्यथा खाली म्हटल्याप्रमाणे त्या भावाचे संमतीपत्र.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दाखल्याबरोबर यजमानाचं एक साधं पत्र लागत होतं. बारक्या ते परस्पर तिकडच्या भाषेत लिहून टाकणार होता, पण भाऊजींनी त्याला थांबवलं. पत्र मायबोलीत हवं, हातानं लिहिलेलं हवं, आदरार्थी हवं, आणि मग शपथेवर भाषांतर करणाऱ्याकडून भाषांतर. त्यानं वजन येतं. बारक्यानं काकांचा शब्द खाली पडू दिला नाही. ‘आमच्या वहिनी वर्षभर माझ्याकडे राहायला येत आहेत,’ असं त्यानं लिहिलं. भाऊजींनी ते दोनदा तपासलं आणि एक वेलांटी सुधारली. बेबीनं वाचलं. वहिनींनी चष्मा लावून वाचलं आणि अक्षर अजून तसंच आहे म्हणाल्या. त्यानंतर ते भाषांतरकाराकडे गेलं, आणि त्या पत्रात काय लिहिलंय हे वाचणारा तो पहिला माणूस ठरला.

त्यांना सगळेच वहिनी म्हणत. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा भाऊजींना मिसरूड फुटत होतं. ते वहिनी म्हणायचे, नणंदा वहिनी म्हणायच्या, शेजारपाजार आणि दूधवाला वहिनी म्हणायचे. पुढे पोरं झाली, ती बोलायला लागली आणि कानावर पडलं तेच म्हणायला लागली. आई म्हणजे सासूबाई. त्या हाकेवर आधीच माणूस बसलेलं होतं. सासूबाई जाऊन आठ वर्षं झाली, जागा मोकळी झाली, पण ती भरायची असते हे कुणाला सुचलं नाही.

“जन्मदाखला जोडलाय ना?” भाऊजी म्हणाले. “नोकरीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या हातानं नोंदवलेला जन्म आहे तो. आईच्या नावाच्या रकान्यात वहिनींचं नाव आहे. त्यावर शंका?”

बेबी म्हणाली की शंका दाखल्यावर नाही, पत्रावर आहे. दोन कागद दोन गोष्टी सांगतात, तर त्यांनी कुठला धरायचा. भाऊजींना हे पटलं, कारण ते स्वतः असेच वागले असते, आणि पटलं म्हणून ते जास्त नाराज झाले.

जाऊबाई इतका वेळ कप पुन्हा उचलून त्याच्या कानाशी चाळा करत होत्या.

“बेबी, एक सांग,” त्या म्हणाल्या. “भावजय म्हणून गेलं तर किती दिवस ठेवून घेता येतं?”

बेबीनं फोनवर शोधलं. तीन महिने. वर्षभराची सोय आईवडिलांनाच.

“मग तसं चुकूनच लिहिलंय ना त्यानं?”

बेबी आतापर्यंत वहिनींच्या जाण्याच्या पूर्ण विरुद्ध होती. गेले दोन महिने ती तिकडच्या थंडीबद्दल, जिन्यांबद्दल आणि एकटं पडण्याबद्दल माहिती गोळा करत होती. पण भावावर बोट ठेवलेलं तिला सोसलं नाही. काकू, तुम्ही काय बोलता ते तुम्हाला कळतं का, असं ती म्हणाली, आणि बारक्यानं ती खोली रिकामी करायला स्वतःची हत्यारं जिन्याखाली नेऊन ठेवली, सुनेनं दोन रविवार भिंती रंगवल्या, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं. त्या पाच मिनिटांत तिनं वहिनींना परदेशात धाडूनही टाकलं. भाऊजी बायकोकडे न बघता म्हणाले की प्रश्न मात्र रास्त आहे. जाऊबाई म्हणाल्या, मी नुसतं विचारलं.

वहिनींना तो प्रश्न काट्यासारखा रुतला होता. त्यांनी सगळ्या आयुष्यात घरातल्या प्रत्येकाच्या निजायच्या जागा ठरवल्या होत्या: पाहुणे आले की कोण कुठे, आजारी माणूस खिडकीशी, नणंदेचं तान्हं दाराच्या झोतापासून लांब. कुणाला किती दिवस ठेवून घ्यायचं हे माणसं तोंडानं बोलत नाहीत, अंथरूण कुठे घालतात त्यावरून कळतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

बारक्याला फोन लावला. वहिनींना यंत्रांच्या आवाजात वर्षं काढल्यानं जरा कमी ऐकू यायचं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. बारक्या पडद्यावर आला तो त्याच खोलीत उभा होता. मागची भिंत पिवळट पांढरी दिसत होती. बेबीनं सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला. भाऊजींनी खुलाशाचे मुद्दे सांगायला सुरुवात केली, एक, दोन, दोन-अ. सून मागून डोकावून विचारून गेली की उशी कडक लागते की मऊ. या प्रश्नाचा व्हिसाशी संबंध नव्हता, म्हणून भाऊजींनी तो टिपून घेतला नाही.

“बारक्या,” वहिनी मध्येच म्हणाल्या, “ते चुकून लिहिलं गेलं ना रे?”

बारक्यानं थोडा विचार केला. विचार न करता उत्तर द्यायची त्याला सवय नव्हती. लिफ्टच्या कामात ती परवडत नाही.

“चुकून नाही,” तो म्हणाला. “दुसरं काय लिहिणार होतो?”

मग त्यानं परवापर्यंत लिहून पाठवतो असं सांगितलं आणि फोन ठेवला. भाऊजी म्हणाले, बघा, झालं. बेबीला रक्तपेढीत दुपारच्या पाळीला जायचं होतं, ती गेली. भाऊजी खाली जाऊन जुन्या ओळखीच्या माणसाशी बोलत उभे राहिले.

जाऊबाई कप विसळायला स्वयंपाकघरात आल्या. कप विसळून झाले तरी तिथेच राहिल्या.

“मी बोलायला नको होतं,” त्या म्हणाल्या.

“तुझ्या मनात आलं, माझ्याही आलं. तू बोललीस एवढंच.”

“त्यानं तसं केलं नसेल हो. त्याला असली अक्कल नाही.”

“नाही केलं,” वहिनी म्हणाल्या. “पण केलं असतं तरी मी काय तोंडानं बोलणार होते? मी त्याला गरम जेवायला वाढलंय असा एक दिवस आठवून बघतेय मघापासून. सुट्टीचे दिवस आठवतात. त्यातसुद्धा तो सासूबाईंच्या शेजारी बसलेला.”

जाऊबाईंनी ओट्यावरचं पाणी पुसलं. मग जरा वेळानं त्यांनी सांगितलं की त्यांना वहिनींनी जाऊ नये असं वाटतं, आणि त्याचं कारण थंडी किंवा जिने नाहीत. “तुम्ही गेलात की आपल्या घराण्यात सगळ्यांत थोरली मी. मला ते जमणार नाही.” वहिनी म्हणाल्या, मलाही जमत नव्हतं, मी नुसती कामावर जायचे. दोघी हसल्या. मग जाऊबाई पदर डोळ्याला लावून खाली गेल्या.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी संध्याकाळी बेबी रक्तपेढीतून छापील कागद घेऊन आली. बारक्यानं स्वहस्ते लिहिलेलं पत्र, फोटो काढून पाठवलेलं, दोन पानं. भाऊजी आणि जाऊबाई आधीच येऊन बसले होते. बेबीनं ते वाटेत वाचलं होतं आणि तिनं ते वाचून दाखवायला नकार दिला. भाऊजींनी चष्मा पुसला आणि सरकारी आवाजात सुरुवात केली.

“‘मी, खाली सही करणार, खुलासा करतो की अर्जदार या माझ्या जन्मदात्या आहेत. मला भाऊ नाही. पूर्वीच्या पत्रात मी आमच्या वहिनी असे लिहिले ते चुकून नाही. मी त्यांना तेच म्हणतो. घरात सगळे म्हणत म्हणून मीही म्हणू लागलो.’ चांगलं आहे. मुद्द्याला धरून आहे. ‘मी सात वर्षांचा असताना शाळेतल्या मुलांनी मला सांगितले की स्वतःच्या आईला कुणी वहिनी म्हणत नाही. त्या दिवशी संध्याकाळी काका मला सायकलवर बसवून कारखान्याच्या गेटवर घेऊन गेले. पाळी सुटली होती आणि सगळ्या बायका एकदम बाहेर पडत होत्या. मी आई अशी हाक मारली. पुष्कळ बायकांनी वळून पाहिले. हिने पाहिले नाही. मी परत मारली. तेव्हा काका म्हणाले...’”

भाऊजी थांबले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“पुढे वाचा,” वहिनी म्हणाल्या.

“‘तेव्हा काका म्हणाले, आई घरी आहे रे, आपण वहिनींना न्यायला आलोय.’”

हे म्हटलेलं भाऊजींना आठवत होतं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. पण उरलेलं पत्र त्यांनी सरकारी आवाजात वाचलं नाही.

“‘ती बसच्या थांब्याकडे निघाली होती. मग मी वहिनी म्हणून ओरडलो. तेव्हा ती एकटीच वळली. तेव्हापासून मी तो शब्द ठेवला, कारण त्या शब्दाला ती वळते. याशिवाय दुसरे कारण नाही. एक वर्ष तिच्या राहण्याची सोय माझ्या घरी केली आहे. तिला जास्त राहायचे असेल तर तेही करीन. वर लिहिलेले माझ्या माहितीप्रमाणे खरे आहे.’ खाली सही. तारीख आहे. स्थळ लिहिलेलं नाही.”

आदरार्थी बहुवचन मधेच सुटलं होतं. तेही भाऊजींनी सुधारलं नाही.

मग बोलायला हवं म्हणून भाऊजी म्हणाले की कचेरीच्या दृष्टीनं पहिल्या चार ओळी पुरेत. गेटचा मजकूर गाळला तरी चालेल. अनावश्यक मजकुरानं अर्जाला फाटे फुटतात. बेबी म्हणाली, गाळा, ते त्यांचं काम नाही. ती रडत होती, आणि रडताना ती नेहमी चिडल्यासारखी बोलायची. जाऊबाई म्हणाल्या, एक अक्षर गाळायचं नाही. भाऊजींनी दोघींकडे पाहिलं. मग वहिनींकडे पाहिलं, कारण अर्जदार त्या होत्या, हे त्यांना आता सुचलं.

वहिनींनी कागद मागून घेतला. त्यांनी तो स्वतः वाचला, सावकाश, बोट ठेवून, कापडावरची रेघ तपासावी तसा. त्यांना गेट आठवत होतं. सायकल आठवत होती, पुढच्या नळीवर टॉवेल गुंडाळलेली. वहिनी अशी हाक ऐकून आपण वळलो ते आठवत होतं, आणि त्या दिवशी पाय फार सुजले होते तेही. त्याआधी काही ऐकू आलेलं त्यांना आठवत नव्हतं. किती जोर लावला तरी आठवेना. त्यांना फार वाईट वाटलं, इतकं की श्वास पुरेना, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड करून तो पुरवून घेतला.

“राहू द्या सगळं,” त्या म्हणाल्या. “त्यानं स्वहस्ते लिहिलंय.”

बुधवारी पत्र भाषांतरकाराकडे गेलं. त्यानं या खेपेला फोन करून विचारलं की ‘वहिनी’ या शब्दाचं काय करू. बेबीनं वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, आहे तसाच ठेवायला सांग. त्यानं तो तिकडच्या लिपीत तसाच ठेवला आणि खाली टीप दिली, की या कुटुंबात हा शब्द सर्वांसाठी वापरला जातो. टीप फारशी बरोबर नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही.

शुक्रवारी सकाळी वहिनी आणि बेबी कचेरीत गेल्या. मुदत सोमवारपर्यंत होती. खिडकीमागच्या बाईंनी जन्मदाखला काढला, जुनं पत्र काढलं, नवं पत्र त्यावर ठेवलं आणि वाचायला लागल्या. पहिल्या पानाला त्यांना फार वेळ लागला नाही. दुसऱ्या पानाला लागला. मग त्यांनी वर पाहिलं.

“म्हणजे यजमानाला भाऊ नाही.”

“नाही,” वहिनी म्हणाल्या.

“ठीक आहे.”

बाईंनी तिन्ही कागदांवर शिक्के मारले, नात्याच्या रकान्यात पूर्वीचं लिहिलेलं आडवी रेघ मारून खोडलं आणि वर ‘आई’ असं लिहून बाजूला छोटी सही केली. आता अर्ज पूर्ण आहे, त्या म्हणाल्या, राहण्याच्या बाबतीत आमची काही शंका उरली नाही. पंधरा दिवसांत कळेल.

बेबी फोटोच्या जादा प्रती परत घ्यायला आत राहिली. वहिनी बाहेर पायऱ्यांवर आल्या. पायऱ्यांवर माणसं कागद जुळवत बसली होती, कुणाचं काय राहिलं ते शोधत होती. वहिनींनी कडेची जागा बघून फोन लावला. बारक्या कामावर होता. मागे काहीतरी घरघरत होतं.

“हां, वहिनी. घेतला का?”

“घेतला. शिक्के मारले.”

“बरं झालं.”

“तू लिहिलेलं वाचलं मी.”

घरघर चालू होती.

“मला ऐकू आलं नव्हतं रे,” वहिनी म्हणाल्या. “आलं असेल तरी मला वाटलं असेल, दुसऱ्या कुणाला. मला कुणी तसं बोलवेल असं माझ्या डोक्यातच नव्हतं.”

“असू दे. किती जुनं झालं.”

“असू दे कसं? आता मार.”

“काय?”

“हाक.”

“वहिनी, मी लिफ्टच्या खड्ड्यात उभा आहे. वर माणसं आहेत.”

“असू देत माणसं.”

तिकडे कुणीतरी त्याला काही विचारलं. त्यानं त्यांच्या भाषेत थांबायला सांगितलं. घरघर बंद झाली, बहुतेक त्यानंच बंद केली. वहिनी फोन हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांनी आवाज होता तेवढा मोठा केला.

मग बारक्यानं हाक मारली. गेटवरून थांब्यापर्यंत पोचावी एवढ्या मोठ्यानं मारली. पायऱ्यांवरच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

“ओ,” वहिनी म्हणाल्या.